पौषातली मेंदी

"भाभी, छकुलीला पाठवा जरा. मोळ्या बांधायला हात कमी पडतोय."

म्हस्कू मुकादम दारात उभा होता, चपला न काढता. कमरजहाँने मांडीवरच्या पोराचं नाक पदराने पुसलं, त्याला सतरंजीवर सोडलं आणि मगच मान वर केली. हे पाळणाघर आहे, मजूर अड्डा नाही, असं तिने त्याला सुनावलं. इथलं लेकरू आईच्याच हातात मिळतं. बापाच्या नाही, चुलत्याच्या नाही, मुकादमाच्या तर मुळीच नाही.

"पोरगी पायजे असंल तर तिच्या आईला पाठवा," ती म्हणाली. "हितली रीत तुमाला ठावं हाय. तुमच्याम्होरंच ठरलीय."

खरंच ठरली होती. पाळणाघर सुरू झालं त्या हंगामात एका पोराचा चुलता पिऊन आला, रांगतं पोर उचलून घेऊन गेला, उसाने भरलेल्या गाडीवर बसवलं आणि विसरला. पोर वरून पडलं. वाचलं, पण त्याचा पाय अजून सरळ पडत नाही. तेव्हापासून कमरजहाँने रीतच घातली. लासुर्ण्यात सरपंचाचं कुणी ऐको न ऐको, ऊसतोडीच्या बायका संध्याकाळी या दारात येऊन उभ्या राहात, आपल्या लेकराचं नाव घेऊन मागत, आणि मगच लेकरू मिळे.

म्हस्कू हसला. हा माणूस कधी चिडायचा नाही. चिडणाऱ्याशी भांडता तरी येतं, हसणाऱ्याचं काय करायचं? "बरं," म्हणाला आणि गेला.

छकुली झोक्यामागे लपली होती. झोका म्हणजे ट्रॅक्टरचं जुनं टायर. कमरजहाँच्या नवऱ्याने, सिकंदरने, आढ्याला बांधून दिलेलं. त्याचं फाट्यावर टायर-पंक्चरचं दुकान होतं. तेरा वर्षांची छकुली खरं तर पाळणाघराच्या वयात बसत नव्हती. ती यायची धाकट्या सुप्रियाला कडेवर घेऊन, आणि राहायची दिवसभर. शाळेतलं नाव बीडकडच्या गावात, आणि पोरगी इथे. कमरजहाँने तिला कधी जा म्हटलं नाही. खिचडी वाढायला, पोरांना ओळीने हात धुवायला लावायला तिची मदत व्हायची. काम झालं की ती टायरमध्ये पाय दुमडून बसे आणि पार पत्र्याला डोकं टेकेपर्यंत झोके घेई. बारकी पोरं खाली उभी राहून टाळ्या पिटत.

थोड्या वेळाने तिची आई म्हाळसा आली. कोयता कमरेला, केसात उसाच्या पाचटाचा कचरा. तिने चपला बाहेर काढल्या, उंबऱ्यापाशी उभी राहिली आणि खाली बघतच म्हणाली, "छकुलीला द्या चाची."

आईच आली म्हटल्यावर बोलणार काय? छकुली मुकाट तिच्या मागे गेली. जाताना तिने टायरला एक हात मारला. ते बराच वेळ रिकामंच हलत राहिलं.

*

हे पाळणाघर गावाच्या भारी अभिमानाचा विषय होतं, आणि अभिमान वाटावा असंच ते होतं. खोली गावच्या मुस्लिम जमातीची. पूर्वी तिथे मशिदीच्या सतरंज्या आणि मोडके पंखे पडलेले असत. दूध बागायतदार गेणबा आबांचं. त्यांच्या गोठ्यातलं किटलीभर दूध रोज सकाळी यायचं आणि त्यात पाणी नसायचं, हे विशेष. खिचडी लीलाबाईंच्या बचत गटाची. पत्रे आणि दारावरचा फलक कारखान्याचा. सतरंज्या, खेळणी आणि कमरजहाँचं मानधन बारामतीकडच्या एका संस्थेचं. त्या संस्थेची वृषालीताई जळोचीहून स्कूटीवर यायची, उन्हातान्हात. आणि समितीत एक खुर्ची म्हस्कू मुकादमाची, कारण मुकादमाने मान हलवल्याशिवाय टोळीतली एकही बाई लेकरू पाठवणार नव्हती. हिंदू, मुसलमान, बागायतदार, मजूर, सगळे एका सतरंजीवर. बाहेरून पाहुणे आले की फोटो काढायचे. गाव करील ते राव काय करील, असं आबा त्यांना म्हणायचे.

पण त्या हंगामात कमरजहाँला काही गोष्टी खटकायला लागल्या होत्या.

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडणार, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत नेणार. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. त्याला मुकादम नीट विचारत नाही, बैलगाडी तर देतच नाही. म्हस्कूच्या टोळीत असा एक अर्धा कोयता होता, सौरभ नावाचा. मिसरूड नुकतं फुटलेला, कुणी बोललं की मान खाली घालणारा. त्याचा भाऊ बायकोला घेऊन दुसऱ्या टोळीत गेला आणि हा खोकणाऱ्या बापाबरोबर राहिला. तो वाईट पोरगा नव्हता. पण अर्धा होता, आणि टोळीला अर्धं काही परवडत नाही.

एका दुपारी कमरजहाँ दुधाची रिकामी किटली परत द्यायला आबांच्या मळ्याकडे निघाली होती. बांधावर गडी उभे होते. छकुलीच्या डोक्यावर मोळी होती आणि ती फळीवरून गाडीत चढत होती. फळी वाकत होती. पोरीची मान आखडली होती, ओठ घट्ट मिटले होते. तिने मोळी टाकली, खाली उतरली, तर म्हस्कूने दुसरी तिच्या डोक्यावर दिली, पहिलीपेक्षा जड. ती पण तिने चढवली. म्हस्कू गड्यांकडे वळून म्हणाला, "आली की कोयत्याला." गडी हसले. सौरभ हसला नाही. तो उगाच कोयत्याची धार अंगठ्याने बघत बसला.

बैल विकत घेण्याआधी त्याला नांगराला जुंपून बघतात. कमरजहाँला तेच आठवलं.

त्याच आठवड्यात सिकंदर जेवताना सहज बोलून गेला, की म्हस्कूने एक टायरगाडी, टायरच्या चाकांची बैलगाडी, दुरुस्तीला टाकलीय. चाकं नवी, आखाला ग्रीस, सगळं चकाचक करून मागितलंय. कमरजहाँने विचारलं, कुणासाठी. सिकंदरचा घास हातातच राहिला.

"सौरभला देनार म्हनला," तो म्हणाला.

"अर्ध्या कोयत्याला गाडी?"

 मग सिकंदरने घास तोंडात घातला आणि म्हणाला की डोक्यात नसती भुतं घालून घेऊ नको. दुकान टोळ्यांच्या गाड्यांवर चालतं, मुकादमाशी वाकडं घेऊन कसं भागेल? आणि दुसरं म्हणजे पौष लागलाय. पौषात कोण लगीन लावतंय?

हे मात्र खरं होतं. कमरजहाँच्या घरात पौष पाळत नव्हते, पण लासुर्ण्यात जन्म काढलेल्या बाईला पौष कळायला हिंदू असावं लागत नाही. सिकंदरच्या दुकानासमोरचा मंडपवाला पौषात दिवसा झोपा काढतो. बँडवाले पेपर वाचतात. नवी साडी घ्यायची तर बाया म्हणतात, माघ लागू दे. पौषात गावात सोयरीकसुद्धा कुणी बोलत नाही. तिला जरा हायसं वाटलं. महिना हातात आहे, तेवढ्यात काहीतरी करता येईल.

*

तिने केलं. समितीची बैठक आबांच्या ओसरीवर होती. म्हस्कू यायच्या आधीच तिने तोंड उघडलं. छकुलीचं लगीन ठरवतायत, सौरभशी, आणि आपण काहीतरी करायला पाहिजे, असं ती म्हणाली.  बैठकीत ती सहसा चहा द्यायला उठायची, बोलायला नाही.

वृषालीताईचा चेहरा उतरला. असं असेल तर अधिकाऱ्यांना कळवावंच लागेल, मुलगी तेरा वर्षांची आहे, ती म्हणाली. लीलाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. आबा मात्र ओसरीबाहेर बघत बसले. समोर त्यांचाच ऊस उभा होता, तोडीला आलेला, तुरे फुटलेला. तुरा आला की ऊस आतून पोकळ व्हायला लागतो, वजन जातं. टोळीचा नंबर त्यांच्या रानात नुकताच लागला होता. सरकारी गाडी बघून टोळी रातोरात उठली तर दुसरी मिळायची नाही, हे ओसरीवर सगळ्यांना कळत होतं. 

"पोरगी आपली बी हाय," आबा शेवटी म्हणाले. "पन घाई कशाला? पौष चालू हाय. पौष सरंस्तोवर काय व्हत न्हाय. तवर त्यांच्याशी गोडीनं बोलू. न्हाय ऐकलं तर हायच सरकार."

लीलाबाईंनी मान डोलावली. वृषालीताईने जरा विचार केला आणि ठरवलं, संक्रांत झाली की घरोघर बसून बोलायचं, आणि माघ लागायच्या आत अधिकारी आणायचे. शहाणपणाचंच होतं ते. सगळ्यांना पटलं. कमरजहाँलाही पटलं, कारण पटवून घेणं सोपं होतं.

तेवढ्यात म्हस्कू आला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, दरसाल गावच्या बायका संक्रांतीचं हळदीकुंकू करतात, औंदा आमच्या बायकांनाही बोलवा की. बिचाऱ्यांनी कधी वाण लुटलं नाही, कधी हातभर बांगड्या भरल्या नाहीत. लीलाबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. गटातर्फे कासार बोलवायचा, सगळ्यांना हिरव्या बांगड्या भरायच्या, पाळणाघराच्या अंगणातच करायचं, असं तिथल्या तिथे ठरलं. मेंदी कमरजहाँची. तिच्या हाताच्या मेंदीला वालचंदनगरपर्यंत नाव होतं. ईद असो की डोहाळजेवण, बायका तिच्यापुढे हात पसरून बसायच्या.

"पोरीबाळींना बी काढा भाभी," म्हस्कू म्हणाला. "त्यांची बी हौस हुंद्या."

कमरजहाँने तरीही एकदा म्हाळसाला गाठलं. संध्याकाळी लेकरं न्यायला आली तेव्हा तिला बाजूला घेतलं आणि सरळच विचारलं.  म्हाळसाने मान वर केली, आणि तिच्या डोळ्यांत राग होता.

"पौष चालू हाय चाची," ती म्हणाली. "आमी ऊस तोडतो म्हनून काय मानसं न्हाई व्हय?"

कमरजहाँला लाज वाटली. तिने म्हाळसाचा हात धरला आणि चूक झाली म्हणून सांगितलं.

*

हळदीकुंकू झकास झालं. पाळणाघराच्या अंगणात सडा, रांगोळी, कासाराची पेटी. तोडणीच्या बायका धुवट लुगड्यांत अवघडून बसल्या होत्या. गावच्या बायकांनी त्यांच्या शेजारी बसून तीळगूळ दिला, अत्तर लावलं. मशिदीच्या भिंतीला टेकून लीलाबाई नाव घेत होत्या आणि सगळ्या हसत होत्या. असं दृश्य रोज दिसत नाही. वृषालीताईने फोटो काढले.

कमरजहाँ एका कोपऱ्यात कोन घेऊन बसली होती. बायका यायच्या, तळहातावर एक फूल काढून घ्यायच्या आणि उठायच्या. म्हाळसाने छकुलीला पुढे आणून बसवलं.

"हिला कोपरापस्तोर काढा," ती म्हणाली.

"येवढी? बारक्या पोरीला?"

"हौस हाय तिची."

कमरजहाँने पोरीकडे पाहिलं. छकुलीने दोन्ही हात पुढे केले होते. मनात काहीतरी टोचलं, पण भोवती हसणं चाललं होतं, आणि पौष होता, आणि खरं सांगायचं तर पोरीचे हात समोर आल्यावर तिलाही मोह झाला. स्वतःच्या लेकीला, मेहजबीनला, ती लग्न होऊन अकलूजला गेल्यापासून असं समोर बसवून मेंदी काढली नव्हती. तिने मन लावून काढली. तळहातावर मोर, मनगटाला जाळी, वर वेल कोपरापर्यंत. चुळबुळी छकुली त्या दिवशी हललीसुद्धा नाही.

"चाची, ही किती दिस राहती?" तिने मधेच विचारलं.

"पान्यात हात घातला न्हाय तर पंधरा दिस ऱ्हाती."

"आन घातला तर?"

कमरजहाँ हसली आणि म्हणाली, मग तुझं नशीब. हे बोलल्याचं तिला नंतर फार लागलं.

वाण वाटताना म्हाळसाने छकुलीसाठीही एक वाटी मागितली. वाण लग्न झालेल्यांना असतं, असं लीलाबाई हसून म्हणाल्या, पण दिली. कासाराने छकुलीच्या हातात हिरवा चुडा भरला. कुणीतरी तिच्या गालाला हळद लावली. संध्याकाळी गावच्या बायका सतरंज्या झाडून घड्या घालत होत्या, तेव्हा तोडणीच्या बायका घाईघाईने, न रेंगाळता, आपल्या कोप्यांकडे निघून गेल्या. पाचटाच्या त्या झोपड्या कॅनॉलपलीकडे होत्या. तिकडून मधेच माणसांचा गलका ऐकू आला आणि लगेच थांबला. आज बायका खुशीत आहेत, लीलाबाई म्हणाल्या.

*

सकाळी सुप्रियाला घेऊन म्हाळसा एकटीच आली. पोर खाली ठेवलं, कमरजहाँ काही विचारायच्या आत पाठ फिरवली आणि जवळजवळ पळतच गेली.

कमरजहाँने लीलाबाईंची वाट पाहिली, पोरं त्यांच्या हवाली केली आणि मळ्याकडे निघाली. थंडी होती. उसाच्या पाल्यावरचं दव साडीला लागून तिचे पाय भिजले. आबांच्या रानात तोड चालली होती. टोकाच्या सरीत सौरभ वाकला होता, आणि त्याच्या शेजारी, मोठ्या बाईच्या लांबलचक लुगड्यात, छकुली. तिच्या हातात कोयता होता. कोयता धरलेल्या हातावर मोर होता. बांधावर नव्या चाकांची गाडी उभी होती.

 म्हस्कू कडेला विडी ओढत उभा होता. तो कमरजहाँजवळ आला.

"पौषात?" ती म्हणाली. एवढंच.

"उसाला कुठला पौष, भाभी?" म्हस्कू हसला.

तिने तिथूनच, बांधावर उभी राहून, वृषालीताईला फोन लावला. मुकादमाच्या देखत लावला. सिकंदरच्या दुकानाचं काय होईल हे त्या वेळी तिच्या मनातसुद्धा आलं नाही. वृषालीताईने एकही प्रश्न विचारला नाही. दुपारच्या आत ती अधिकारी बाई आणि पोलीस घेऊन हजर झाली. सगळं जसं व्हायला हवं तसंच झालं.

पण तोवर छकुली फ्रॉकमध्ये होती. गळ्यात काही नव्हतं. टोळी पाळणाघराच्या अंगणात जमली होती, समितीही होती, आणि अधिकारी बाई एकेक विचारत होत्या. बाई चांगल्या होत्या. आवाज न चढवता बोलत होत्या. त्यांनी छकुलीचे हात हातात घेतले.

हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. पण काकणं बचत गटाने भरलेली. हळद हळदीकुंकवाची. नवी वाटी वाणाची. म्हस्कू प्रत्येक गोष्ट बोटाने दाखवत होता आणि प्रत्येक वेळी म्हणत होता, विचारा लीलाकाकूंना. लीलाबाईंना विचारलं तर त्या काय सांगणार? होय, आम्हीच दिलं. वृषालीताईच्या मोबाइलमध्येच त्याचे फोटो होते. नवरीच्या अंगावरची एकेक खूण गावाने आपल्या हाताने, आनंदाने, सगळ्यांदेखत घातली होती.

"आणि ही मेंदी?" बाईंनी विचारलं. "एवढ्याशा मुलीच्या कोपरापर्यंत?"

सगळे कमरजहाँकडे बघायला लागले.

"मी काढली," ती म्हणाली.

"कशासाठी?"

खोटं बोलता येत असतं तर ती त्या क्षणी बोलली असती. "हळदीकुंकवाला," ती म्हणाली. "पन बाईसाहेब, लगीन झालंय. मी सांगते, झालंय."

"तुम्ही पाहिलं?"

तिने पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. बाईंनी म्हाळसाला विचारलं, तिने नाही म्हणून मान हलवली. सौरभला विचारलं, तो रडायच्या बेतात होता, पण त्यानेही मान हलवली. छकुलीला बाजूला नेऊन बराच वेळ विचारलं. ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. शेवटी बाई आबांकडे वळल्या. गावातला जुना, मानाचा माणूस.

आबांनी टोपी काढून पुन्हा घातली. त्यांच्या रानात ऊस अर्धा तुटला होता आणि अर्धा उभा होता.

"पौषात लगीन लागत न्हाय बाई," ते म्हणाले. "आमच्यात रीतच न्हाय."

आणि त्यात खोटं काय होतं? रीत नव्हतीच. बाईंनी म्हस्कूला आणि म्हाळसाला कडक तंबी दिली, मुलीला शाळेत घालायला सांगितलं, आम्ही पुन्हा येऊ म्हणाल्या, आणि गाडी गेली. वृषालीताई पाळणाघरात येऊन भिंतीकडे तोंड करून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, आपण सोडायचं नाही चाची, मी परत आणते त्यांना, न सांगता. ती आणेल, हे कमरजहाँला माहीत होतं. पण तोवर टोळी कुठल्या शिवारात असेल, हेही तिला माहीत होतं. ती नुसती आपल्या बोटांकडे बघत होती. बोटांना अजून मेंदी लागलेली होती, आणि तिला स्वतःच्या हातांचा जन्मात पहिल्यांदा राग आला.

दुसऱ्या दिवशी आबांच्या घरून दुधाची किटली आली. नेहमीपेक्षा मोठी. कमरजहाँला वाटलं ओतून द्यावी गटारात. पण पोरं भुकेली होती. तिने दूध तापवलं.

*

आठ-दहा दिवस गेले. छकुली पाळणाघराकडे फिरकली नाही. सुप्रिया तिच्या नावाने रडायची, मग तेही कमी झालं. आबांचा ऊस तुटत आला. टोळी आता निमगावकडे जाणार, अशी बोलवा होती.

एका संध्याकाळी दारात हाक आली, "चाची, सुप्रियाला द्या."

आवाज ओळखीचा, हाक मात्र बाईची. छकुली उंबऱ्याबाहेर उभी होती. चपला काढलेल्या, पदर डोक्यावर. पोरं धावत येऊन तिला बिलगली, तशी ती एक पाऊल मागे सरली. ती म्हणाली, आईला गाडी भरायची आहे, म्हणून मला पाठवलं.

"आत ये," कमरजहाँ म्हणाली.

"पाय भरलेत."

कमरजहाँ तांब्या घेऊन बाहेर आली. तिने छकुलीच्या पायांवर पाणी ओतलं, हातावर ओतलं. तळहातावरचा मोर गेला होता. तिथे फोड आले होते आणि काही फुटले होते. कोपरापाशी वेल मात्र अजून होती, पाणी तिथवर पोचलं नसावं. छकुली आत आली. टायरकडे तिने पाहिलं, पण बसली नाही. भिंतीला टेकून सतरंजीवर बसली. सुप्रिया तिच्या मांडीवर चढली. कमरजहाँ दूध आणायला वळली, पेला भरून परत आली, तोवर छकुली झोपली होती. बसल्या जागीच, तोंड उघडं टाकून. कमरजहाँने तिला आडवं केलं आणि बारक्या पोरांची चादर तिच्यावर घातली. चादर गुडघ्यापर्यंतच पुरली.

आया आल्या, आपापली लेकरं घेऊन गेल्या. अंधारून यायला लागलं. मग सौरभ आला. दारापासून लांबच उभा राहिला. उसाच्या चिकट्याने त्याचे हात काळे झाले होते.

"तिला उठवा ना चाची," तो खालमानेने म्हणाला. "भाकरी करायच्यात."

कमरजहाँ उंबऱ्यात उभी राहिली. रागवावं असा तो चेहरा नव्हता. दिवसभर राबलेलं, भुकेलेलं ते पोरगंच होतं.

"हितनं लेकरू आईच्याच हातात मिळतं," ती म्हणाली. "तिच्या आईला पाठव."

  तो वळला आणि कोप्यांकडे गेला.

म्हाळसा आली ती पळतच. धापा टाकत होती, म्हस्कू वाट बघतोय, ट्रॅक्टरची गाडी अर्धी भरून खोळंबलीय, असं वाटेतूनच सांगत आली. उंबऱ्यापाशी तिने सवयीने चपला काढल्या. कमरजहाँ बाजूला सरली. आत दोन्ही पोरी झोपल्या होत्या, धाकटी थोरलीच्या दंडावर डोकं ठेवून.

"माग," कमरजहाँ म्हणाली. "नाव घेऊन माग. मी न्हाय म्हननार न्हाय."

म्हाळसाने तोंड उघडलं. तिने आत पाहिलं, कोपरापाशी उरलेल्या त्या वेलीकडे. ओठ हलले, पण नाव आलं नाही. मग ती हळूच उंबऱ्याबाहेर बसली आणि भिंतीला डोकं टेकलं. कमरजहाँ आतल्या बाजूला बसली.

कॅनॉलपलीकडून ट्रॅक्टरचा भोंगा वाजला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला, लांबलचक. सुप्रिया झोपेत दचकली. म्हाळसा उठली नाही.